पिलाटेस: पहिले आठ आठवडे, एका सतरंजीवर

माझी कंबर धरली ती पिळे उचलताना. धुतलेल्या कपड्यांची बादली गच्चीवर न्यायला वाकले आणि तशीच राहिले. वय ४६, नोकरी दिवसभर खुर्चीतली, व्यायामाच्या नावाने जेवणानंतरची शतपावली. दुखणं उतरल्यावर फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं, "आता पिलाटेस सुरू करा." माझ्या डोळ्यांपुढे मोठाले आरसे, स्प्रिंगची यंत्रं आणि सडपातळ मुली आल्या. प्रत्यक्षात पहिले दहा दिवस मी सतरंजीवर उताणी पडून श्वास घेत होते.

नाव ऐकलंय, पण हा व्यायामप्रकार करून पाहिलेला नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. नावाचं म्हणाल तर पाट्यांवर पिलाटे, पिलेट्स, पिलाटीज असं काहीही सापडतं. एका ठिकाणी 'पायलट्स'ही वाचलं. मुळात ते एका माणसाचं आडनाव. योझेफ पिलाटेस, जन्म १८८३, जर्मनीतलं म्योनशनग्लाडबाख गाव. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी बेजार झालेला हा मुलगा पुढे व्यायामाच्या वेडाने मुष्टियुद्ध करू लागला, इंग्लंडला गेला. पहिलं महायुद्ध सुरू झालं तसं जर्मन म्हणून त्याला नजरकैदेत टाकलं. आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत जमिनीवर करायच्या व्यायामांवर त्याने बराच विचार केला, असं सांगतात. पुढे १९२०च्या दशकात तो न्यूयॉर्कला गेला, आणि जोडीदार क्लाराबरोबर त्याने तिथे व्यायामशाळा चालवली. जॉर्ज बॅलन्शीन आणि मार्था ग्रॅहम या नृत्यदिग्दर्शकांकडचे नर्तक दुखापती घेऊन तिथे येत. १९४५च्या त्याच्या पुस्तकात चटईवरचे ३४ व्यायाम आहेत, आणि छायाचित्रांत साठीचा योझेफ स्वतःच ते करून दाखवतो आहे. सुरुवातीला यंत्र लागत नाही, हे इथवर पटलं असेल.

आधी वहीत तीन नोंदी

पहिल्या दिवशी काही करण्याआधी तीन गोष्टी मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा.

एक, साध्या खुर्चीवरून हात छातीशी बांधून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. किती सेकंद लागले? खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, सरकते. दोन, भिंतीजवळ उभं राहून एका पायावर किती सेकंद तोल राहतो? दोन्ही पायांचे आकडे वेगळे लिहा. तीन, जमिनीवर मांडी घालून बसा आणि उठा. एक हात टेकावा लागला, दोन हात, की पलंगाचा कडा धरावा लागला?

वजन मुद्दामच यात नाही. का, ते पुढे येईल.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावं

पाठीतून पायात कळ जात असेल, मणक्यांमधली गादी सरकल्याचं निदान असेल, हाडं ठिसूळ झाली असतील, दिवस गेले असतील किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा काचबिंदू असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टर किंवा फिजिओ गाठा. यांतल्या बहुतेकांना पिलाटेस करता येतं, फक्त व्यायाम निवडून घ्यावे लागतात. हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करून पुढे वाकायचे, चेंडूसारखं लोळायचे प्रकार वर्ज्य, कारण त्याने मणका दबून मोडू शकतो. गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांनंतर फार वेळ उताणं पडून करायचे व्यायाम टाळतात. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणाऱ्या स्थिती नकोत.

आणि पाठदुखीबरोबर पायातली ताकद जात असेल, बसायच्या जागी बधिरपणा आला असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, तर व्यायामाचा विचारही करू नका. सरळ रुग्णालयात जा, त्याच दिवशी.

काय लागतं

पलंग आणि कपाट यांच्यामध्ये एक माणूस आडवा होईल एवढी जागा. पलंगावर किंवा गादीवर करू नका, कंबर कुठे आहे तेच कळत नाही. योगासनांची पातळ चटई असेल तर तिच्याखाली दुहेरी सतरंजी किंवा घोंगडी घाला, नाहीतर मणके जमिनीवर टोचतात. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल. कपडे अंगाबरोबरचे, म्हणजे बरगड्या हलताना दिसतील. पायांत काही नको. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या.

श्वास

इथे घाई करू नका. मी केली होती. फिजिओकडे नाव नोंदवलेलं असूनही मी आधी उत्साहाने एका जिममधल्या वर्गात गेले. तिथे पहिल्याच दिवशी मान उचलून शंभर मोजायला लावले. चार दिवस मान अशी आखडली की गाडी मागे घेताना सगळं अंगच वळवावं लागे. दोष व्यायामाचा नव्हता, क्रमाचा होता.

उताणं झोपा. गुडघे वाकवून पावलं जमिनीवर, खुब्यांच्या अंतरावर. दोन्ही तळवे बरगड्यांच्या खालच्या भागावर, दोन्ही बाजूंना ठेवा. नाकाने श्वास घ्या आणि तो हातांत येऊ द्या. म्हणजे पोट वर फुगण्याऐवजी बरगड्या दोन्ही बाजूंना रुंद झाल्या पाहिजेत, भात्यासारख्या. आता तोंडाने सोडा. कसा? आजीला फुंकणीने चूल पेटवताना पाहिलं असेल तर तसा. लांब, सलग, थोडा जोर लावून. तसं फुंकताना बेंबीखालचा भाग आपोआप आत ओढला जातो. हात तिथे ठेवून खात्री करा.

तो जो भाग आवळला, तिथे पिलाटेसचं निम्मं काम आहे. पोटाचा सर्वांत आतला स्नायू पट्ट्यासारखा कंबरेला गुंडाळलेला असतो. त्याच्या जोडीला मणक्यांना चिकटलेले बारीक स्नायू, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ, म्हणजे लघवी रोखताना आपण आवळतो ते स्नायू. या चौघांचा मिळून एक डबा होतो. बादली उचलण्याआधी हा डबा आपसूक घट्ट झाला तर कंबरेवर येणारा भार वाटला जातो. दिवसभर बसून राहणाऱ्यांच्या अंगात हा समन्वय मंदावतो, आणि तो परत जागा करायचा असतो.

योगासनं शिकलेल्यांना नेमकं इथेच अडतं. प्राणायामात श्वास घेताना पोट फुगवायची सवय असते, आणि इथे पोट हलकंसं आत धरून बरगड्यांत श्वास घ्यायचा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. व्यायाम करताना पाठीचा आधार सुटू नये म्हणून ही तऱ्हा. आवळणं म्हणजे पोट दगडासारखं करणं मात्र नव्हे. पूर्ण ताकदीच्या तीन आणे पुरे. बोलता आलं पाहिजे, आणि श्वास कधीही कोंडायचा नाही. रक्तदाबवाल्यांनी तर मुळीच नाही.

रोज दहा श्वास, पाच दिवस. बाकी काही नाही केलं तरी चालेल.

कंबरेची मधली जागा

त्याच स्थितीत ओटीपोटावर ताकाने भरलेली वाटी ठेवली आहे असं समजा. कंबर जमिनीला चिकटवली की ताक छातीकडे सांडतं. पाठीची कमान केली की पायांकडे. दोन्हीकडे हळूहळू, सात-आठ वेळा झुकवून बघा, आणि मग जिथे ताक सांडत नाही तिथे थांबा. कंबरेखाली बोटं सरकतील एवढी फट राहील. हीच मधली जागा. बहुतेक व्यायाम इथून सुरू होतात.

हे नुसतं झुकवणंसुद्धा सकाळी आखडलेल्या कंबरेला बरं वाटतं. मी अजूनही अंथरुणातून उठल्यावर आधी सतरंजीवर जाऊन तेवढं करते, मग चहा.

सहा हालचाली

दुसऱ्या आठवड्यापासून या एकेक करून जोडा. प्रत्येकी सहा ते आठ वेळा. सावकाश. नियम एकच: जोर लागतो तेव्हा श्वास सोडायचा.

*पूल.* श्वास सोडत आधी कंबर जमिनीला चिकटवा, मग माकडहाडापासून एकेक मणका सतरंजीवरून सोडवत वर जा. माळ एका टोकाने उचलताना मणी जसे एकामागून एक उठतात तसं. खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत तिरकी रेघ झाली की थांबा, श्वास घ्या, आणि सोडत सोडत वरून एकेक मणी खाली ठेवा. यात काम नितंबांचं आणि मांडीच्या मागच्या बाजूचं. मांडीत मागे गोळा येत असेल तर टाचा जवळ घ्या. खुर्चीत बसून झोपी गेलेले नितंब जागे झाले की जिने चढताना फरक पडतो.

*एक पाय उचलणं.* ताकाची वाटी न सांडता एक गुडघा खुब्याच्या बरोबर वर आणा, पोटरी जमिनीला समांतर. परत ठेवा. मग दुसरा. दिसायला हास्यास्पद सोपं. तळवे कंबरेच्या हाडांवर ठेवून बघा, पाय उचलताना कंबर डुलते की नाही ते. माझी पहिल्या दिवशी होडीसारखी डुलत होती.

*शंभर, पण पन्नास.* पिलाटेसच्या पुस्तकात हा पहिलाच व्यायाम आहे. पाच मोजत श्वास घ्यायचा, पाच मोजत सोडायचा, असे दहा फेरे, आणि तेवढा वेळ सरळ हात शरीरालगत वीतभर वर-खाली आपटल्यासारखे हलवायचे. मूळ प्रकारात डोकं, खांदे आणि पाय उचललेले असतात. तुम्ही डोकं टॉवेलवर आणि पावलं जमिनीवर ठेवून पाच फेरेच करा. डोकं उचलायची घाई करणाऱ्यांची मान पोटाचं काम करत बसते.

*कुशीवर शिंपला.* कुशीवर झोपा, गुडघे वाकवून एकावर एक, टाचा जुळलेल्या. टाचा न सोडता वरचा गुडघा उघडा. खुबा मागे पडला तर फसवणूक झाली, म्हणून पाठ भिंतीला टेकवून करा. खुब्याच्या बाजूचे हे स्नायू एका पायावर तोल धरायला लागतात. वहीतली दुसरी नोंद आठवा.

*पालथं, हंसाचा पहिला धडा.* पोटावर झोपा, तळवे खांद्यांशेजारी, कपाळ टॉवेलवर. इथे नियमाला अपवाद: श्वास घेत छातीचं हाड पुढे ओढल्यासारखं करून डोकं-छाती चार बोटं उचला. हातांनी रेटायचं नाही. हे भुजंगासन नाही, उंची गाठायची नाही. दिवसभर पोक काढून स्क्रीनपुढे बसणाऱ्याला या सहांतून एकच निवडायला सांगितला तर मी हा सांगेन.

*हात-पाय, उलटसुलट.* रांगत्या बाळासारखं हातांवर आणि गुडघ्यांवर या. उजवा हात पुढे, डावा पाय मागे, दोन्ही जमिनीला समांतर. पाठीवर लाटणं आडवं ठेवा आणि पडू देऊ नका. खरंच ठेवा. मी ठेवते.

कुठेही टोचणारी कळ, मुंग्या किंवा चक्कर आली तर थांबायचं. दुसऱ्या दिवशी स्नायू दुखले तर ठीक आहे, सांधा किंवा मणका दुखला तर नाही.

आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. दोन दिवसांत मध्ये एक दिवस सोडा. पाचव्या आठवड्यापासून पूल एका पायावर करून पाहता येईल, पन्नासचे शंभर करता येतील. त्याआधी वर कशाला उड्या?

'योगा येतो मला, मग हे खूळ कशाला?'

हा प्रश्न सासूबाईंचा. त्या सत्तरीत आहेत आणि माझ्यापेक्षा सरळ बसतात. खरं उत्तर असं की नियमित आसनं होत असतील तर पिलाटेसवाचून काही अडत नाही. पूल म्हणजे जवळपास सेतुबंधासनच, आणि पुढच्या पायरीवरचा 'टीझर' पाहिला तर कोणीही नौकासन म्हणेल. फरक हालचालीत आहे. आसनात पोहोचायचं असतं आणि तिथे स्थिर राहायचं असतं. पिलाटेसमध्ये थांबणं थोडं, जाण्यायेण्याचा रस्ता हाच व्यायाम. ज्यांना स्थिर बसवत नाही त्यांना तो मानवतो. शिवाय दुखणाऱ्या भागासाठी व्यायाम बारीक बारीक तुकड्यांत मोडून देता येतो, म्हणून फिजिओंना तो सोयीचा पडतो. यंत्रांचं कौतुक तर पुणेकरांना नकोच. अय्यंगार पद्धतीचे भिंतीवरचे दोर, पट्टे आणि ठोकळे पाहिलेल्याला पिलाटेसचं कॅडिलॅक, म्हणजे वर दांडे आणि स्प्रिंगा लावलेला तो पलंग, ओळखीचाच वाटेल.

फायदा किती खरा

सर्वांत भरवशाचं जे सांगता येतं ते जुन्या कंबरदुखीबद्दल. २०१५ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात १० चाचण्या आणि ५१० रुग्ण एकत्र तपासले गेले. जुजबी उपचारांपेक्षा पिलाटेसने दुखणं आणि त्यामुळे येणारी अडचण, दोन्ही कमी झाली. मात्र हा पुरावा मध्यम किंवा त्याहून कमी दर्जाचा होता, आणि इतर व्यायामांपेक्षा पिलाटेस सरस आहे असं त्यातून ठरलं नाही. याचा सरळ अर्थ मी असा घेते: पोहणं आवडत असेल आणि त्याने कंबर बरी राहत असेल, तर पोहत राहा. पिलाटेस त्यांच्यासाठी, ज्यांना ते करावंसं वाटतं.

पोटाच्या स्नायूंचा दमसास आणि अंगाची लवचीकता वाढते. वयस्कांचा तोल सुधारतो असंही बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. शिंकताना थेंब सुटणाऱ्या बायका आपल्याकडे गप्प बसतात. त्यांना ओटीपोटाच्या तळाची जाणीव इथे होते. पण त्या तक्रारीसाठी वेगळे, नेमके व्यायाम आहेत आणि ते फिजिओकडूनच शिकावेत.

आता वजन. पिलाटेसने कॅलरी फारशा जळत नाहीत. 'एका महिन्यात पोट सपाट' असं सांगणाऱ्या जाहिरातीतली मुलगी आधीपासूनच सपाट पोटाची होती. हृदयासाठीही हे पुरेसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमछाकीची हालचाल हवी, आणि वर किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम. पिलाटेस या दुसऱ्या खात्यात जमा होईल. पहिल्यासाठी झपझप चालायला जावंच लागतं. शतपावली त्यात धरत नाहीत, मी विचारून पाहिलं.

वर्ग लावायचा तर

घरी महिनाभर करून एकदा तरी जाणकार नजरेखालून जा. आपली कंबर डुलते आहे हे आपल्याला दिसत नाही. मात्र पाटीवर विसंबू नका. २००० साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने 'पिलाटेस' हे नाव कोणा एकाच्या मालकीचं नाही, ते व्यायामप्रकाराचं सामान्य नाव आहे, असा निकाल दिला. तेव्हापासून पाटी लावणं सोपं झालं. शिक्षकांना विचारा: प्रशिक्षण कुठे आणि किती काळ झालं? माझी कंबर दुखते, तर कोणते व्यायाम वगळाल? दुसऱ्या प्रश्नावर 'काही नाही, सगळं चालतं' असं उत्तर आलं तर चप्पल घाला आणि निघा. एका शिक्षकामागे पंधरा जण असतील तरी तेच.

रिफॉर्मर, म्हणजे स्प्रिंगांवर पुढेमागे सरकणाऱ्या फळीचा तो पलंग, चटईपेक्षा बराच महाग पडतो. तो वाईट नाही. स्प्रिंगा आधार देतात, म्हणून काही नवख्यांना तो उलट सोपा जातो. गंमत म्हणजे काही हालचालींत स्प्रिंग जितकी हलकी तितकं काम अवघड, कारण तोल तुम्हालाच धरावा लागतो. वर्षभराचे पैसे आगाऊ भरू नका, एवढंच. पाच-दहा तासांचं शुल्क भरून पाहा.

आठव्या आठवड्यात वही उघडा

त्याच खुर्चीवर, त्याच भिंतीजवळ, त्याच तीन गोष्टी पुन्हा मोजा. माझे आकडे असे होते: पाच उठबशा १६ सेकंदांवरून ११ वर. डाव्या पायावरचा तोल ९ सेकंदांवरून २४ वर. उजवा जवळपास होता तिथेच, तो आधीच बरा होता. मांडी घालून उठताना दोन हात लागत, आता एक लागतो. वजनकाट्यावर फरक शून्य.

पिळ्यांची बादली अजून दोन खेपांत नेते.